व्हाया लिंबाची वस्ती

२ डिसेंबर १९३४, रविवार

दौरा ठरला. सकाळी रुद्रप्पांच्या सायकल दुकानामागच्या पडवीत मंडळाची सभा भरली, नऊजण हजर. नाताळच्या सुटीत, गुरुवारी २७ तारखेला सोलापूर सोडायचं, पहिला मुक्काम मंगळवेढा, शुक्रवारी संध्याकाळी पाचला विजापूर. तिथल्या क्लबानं स्वागत ठेवलं आहे. हार, फोटो, चहा. शनिवारी गोलघुमट, रविवारी सरळ सडकेनं घरी. दीडशे मैलांच्या आसपास होतील. आमच्या मंडळाचा हा पहिलाच लांबचा दौरा, आणि मी त्याचा सेक्रेटरी. अंथरुणं, स्टोव्ह, जादा टायर-ट्यूब घेऊन रुद्रप्पांची लॉरी आमच्या मागे राहणार, आणि ती स्वतः रुद्रप्पा चालवणार.

घासात एकच खडा लागला. गंगाधर सरांनी नाव दिलं. सर इथल्या एका हायस्कुलाचे हेडमास्तर होते, गेल्या जूनमध्ये निवृत्त झाले. वय सत्तावन्न, सायकल शिकून सहा महिनेही झालेले नाहीत. पण सभेतले निम्मे त्यांचे विद्यार्थी. नको कोण म्हणणार? मी मूळचा बार्शीचा, त्यांच्या हाताखाली शिकलेलो नाही, तरी माझीही जीभ उचलली नाही. मंगळवेढ्यावरून जायची सूचनाही त्यांचीच. विजापूरला सरळ सडक असताना हा वळसा कशाला, असं मी विचारलं. म्हणाले, "सरळच जायचं तर आगगाडी आहे की, सेक्रेटरी." सगळे हसले आणि ठराव पास झाला.

९ डिसेंबर, रविवार

सरावाला आठ मैल जाऊन आलो. सर दोनदा पडले. दोन्ही वेळा धूळ झटकून, "चला" म्हणाले. कोपर सोलून निघालं होतं.

घरी आल्यावर अनसूयेला सांगितलं, की या वयात माणसाला कसली हौस असावी याला काही धरबंध आहे का. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "हौस नाही हो ती. हौशी माणूस दुसऱ्यांदा पडला की परत येतो. त्यांना कुठंतरी जायचं असेल."

मी म्हटलं, "विजापूरलाच जायचं आहे, सगळ्यांनाच."

ती तांदूळ निवडत राहिली.

१८ डिसेंबर

नियम लिहून काढले, एकंदर बारा. मधलं अंतर, पाण्याचे थांबे, शिट्टीच्या खुणा. सातवा नियम: जो कोणी मागे राहील त्याच्याबरोबर सेक्रेटरी राहील. मुकुंद, आमच्यातला सगळ्यात जोरदार सायकलस्वार, म्हणाला, "कमलाकरराव, हा नियम तुम्ही तुमच्यावरच उलटवून घेतलाय." खरं आहे, पण सेक्रेटरीच जर पुढे पळाला तर मंडळ कशाला म्हणायचं?

२६ डिसेंबर

लॉरीत सामान चढलं. सरांचं एक गाठोडं इतकं जड, की रुद्रप्पांनी विचारलं, "काय सर, जातं घेतलं काय की?" उघडून पाहिलं तर पुस्तकं. मॅट्रिकची बीजगणित, भूमिती, इंग्रजी, इतिहास. विजापूरला कोण मॅट्रिकला बसतंय, मी विचारलं. सरांनी गाठ परत बांधली आणि म्हणाले, "राहू द्या. लॉरी तर जातेच आहे."

२८ डिसेंबर, शुक्रवार, सकाळ. लिंबाची वस्ती

कालचं आज लिहितो आहे. मांडीवर वही, समोर जोंधळ्याचं उभं पीक, आणि मी या वेळी मंगळवेढ्याहून विजापूरच्या वाटेवर असायला हवा होतो.

काल साडेपाचला निघालो. थंडी इतकी, की हँडल धरलेली बोटं आपली वाटेनात. पहिले वीस मैल आखल्याबरहुकूम पार पडले. बेगमपूरला भीमेत पाणी गुडघाभर. आम्ही सायकली खांद्यावर घेऊन पार झालो. लॉरी मात्र मधल्या वाळूत रुतली. दोन बैलजोड्या आणायला माणूस धाडला. रुद्रप्पा पायजमा वर खोचून पाण्यात उभे होते. म्हणाले, "तुम्ही व्हा की पुढं. ही काय पळून जाते होय?"

तिथून तीन मैलांवर सरांच्या मागच्या चाकाची हवा गेली. बाभळीचा काटा, चांगला बोटभर. मी ट्यूब काढून ठिगळ लावेपर्यंत सर एका गाडीवानाला विचारत होते, "लिंबाची वस्ती आली का?" तो म्हणाला, "लांब हाय अजून. पाच मैल तरी." सरांचा चेहरा उतरला. मला म्हणाले, "असं होय. बरं, लावा ठिगळ."

पाच मैल गेलो आणि पुन्हा तेच. या खेपेला काटा टायरच्या कडेला, जिथं रस्त्याचा काटा सहसा लागत नाही. सडकेच्या कडेला बाभळी फार आहेत, त्याचा हा परिणाम. माझ्याजवळचं सोल्युशन पहिल्याच ठिगळात संपलं होतं आणि लॉरी मागे नदीत. मी मुकुंदला इतरांना घेऊन मंगळवेढ्याला पुढे व्हायला सांगितलं. राग आला होता, तो मी दाखवला नाही, असं मला वाटतं. सर म्हणाले, "तुम्हीही जा, सेक्रेटरी." मी सातव्या नियमाची आठवण दिली. ते जरा घुटमळले, मग म्हणाले, "बरं. त्या लिंबापाशी सावली आहे. तिथं थांबू."

सडकेपासून फर्लांगभर आत दोन छपरं आणि एक मोठा लिंब. एक बाई शेणी थापत होती. काळी, उंच, पन्नाशीची. तिनं हात न थांबवता विचारलं, "कोन पायजे?"

मी पाणी मागणार होतो. पण सर म्हणाले, "श्रीमंत आहे का?"

सरांना हे नाव कुठून ठाऊक, मला कळेना. बाईनं पिकाकडं बोट केलं. पिकाच्या मधोमध चार खांबांचा माळा होता आणि त्यावर बावीस-तेवीस वर्षांचा एक तरुण गोफण फिरवत उभा. त्यानं आमच्याकडं पाहिलं. सर बांधावर उभे, हातात मोडकी सायकल. तो खाली उतरला नाही. त्यानं गोफणीत आणखी एक दगड घातला आणि उलट्या बाजूला फेकला. पाखरांचा थवा उठला, फिरून पलीकडं बसला. मग तो सावकाश खाली आला.

पाया पडला नाही. नुसता म्हणाला, "सर, तुमी? हितं कुटं?"

सरांपाशी उत्तर तयार होतं. रस्ता, सायकल, काटा, सगळं समोरच होतं. मीही मान डोलवून साक्ष दिली असती. सरांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाले, "सायकल मीच पंक्चर केली. दोनदा. तुझ्याकडंच यायचं होतं."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं आणि माझे कान तापले. ते दोन्ही काटे मी किती मन लावून, आणि शाळेतल्या मुलाला सांगावं तसं त्यांना समजावून सांगत काढले होते.

सर बोलायला लागले. त्यांचा वर्गातला आवाज सगळ्या सोलापूरला माहीत आहे. हा तो नव्हता. १९३० च्या मे महिन्यात शहरात लष्करी अंमल होता, तेव्हा एक अधिकारी मिरवणुकीचा फोटो घेऊन त्यांच्या घरी आला. यात तुमच्या शाळेचे कोण आहेत ते सांगा, म्हणाला. "चार नावं मी सांगितली. तुझं पहिलं सांगितलं. तू पुढच्याच रांगेत होतास."

"ठावं हाय मला," श्रीमंत म्हणाला. "तिसऱ्याच दिवशी कळलं. त्यांनीच सांगितलं, तुज्या हेडमास्तरानं वळखलं म्हनून."

"लोकांना मी सांगत आलो, की शाळेची ग्रँट बंद झाली असती. खरं म्हणजे ग्रँट मला मागाहून आठवली. त्या वेळी नुसती भीती वाटली."

श्रीमंत गोफणीची दोरी बोटाला गुंडाळत होता, सोडत होता. म्हणाला, "सर, तुमी नाव दिलं नसतं तर दुसऱ्या कुनी दिलं असतं. वरीसभर आत बसायचंच हुतं. पन दुसऱ्यानं दिलं असतं तर मला इतकं लागलं नसतं."

दोघेही पिकाकडं बघत उभे राहिले. मी विनाकारण पंप मारत होतो. ट्यूब फुटलेली, हवा कशी राहणार.

बाईनं, म्हणजे श्रीमंतच्या आई दगडाबाईंनी, हे ऐकलंच होतं. त्यांनी हात धुतले, चूल पेटवली, भाकऱ्या थापल्या. आम्हाला वाढलं. मग सरांच्या समोर बसून विचारलं, "ह्याचा बा गेला तवा ह्यो आत हुता. तुमाला ठावं हुतं का?"

"तेव्हा नव्हतं. पुढल्या वर्षी कळलं."

"मग तवा का न्हाय आला?"

सरांनी घास खाली ठेवला. म्हणाले, "धीर झाला नाही. एकटा निघालो असतो तर अर्ध्या वाटेतून परत फिरलो असतो. या आठजणांच्या लोंढ्यात आलो."

दगडाबाई उठल्या. मला वाटलं, आता उठा म्हणतात. त्यांनी गाडगं आणून सरांच्या वाटीत ताक ओतलं आणि म्हणाल्या, "खावा. भाकरी कडक हुईल."

तिसऱ्या प्रहरी लॉरी आली. सरांचं गाठोडं उतरवून घेतलं आणि रुद्रप्पांना पुढं पाठवलं. तीस मैलांच्या रपेटीनं सरांचा गुडघा सुजून भोपळा झाला होता. त्यांना लॉरीतही चढता येईना. मी राहिलो. सरांनी पुस्तकं सोडून श्रीमंतपुढं ठेवली. मी शिकवीन, म्हणाले, बाहेरून परीक्षेला बस. श्रीमंतनं भूमितीचं पुस्तक उचललं, चार पानं उलटली, आणि खाली ठेवलं. "नको सर. चार वर्सं झाली. आता सुगी तोंडावर हाय."

आज सर येत नाहीत. गुडघा बरा होईपर्यंत राहतो म्हणतात. श्रीमंत "ऱ्हावा" म्हणाला नाही, "जावा"ही म्हणाला नाही. मी आता निघतो.

२८ डिसेंबर, विजापूर

दिवेलागण उलटून गेल्यावर पोचलो. पन्नास मैल एकट्यानं, सगळा वेळ समोरून वारा. स्वागत होऊन गेलं होतं. मुकुंदनं माझा हार जपून ठेवला होता. सगळ्यांनी विचारलं सरांना काय झालं, मी गुडघा सांगितला.

एक गोष्ट सकाळी लिहिली नाही. लिहू की नको असं झालं आहे, पण वही माझी आहे आणि अनसूयेशिवाय ती कोणी उघडत नाही.

काल जेवताना दगडाबाईंनी मुलाला हाक मारून कुणाला तरी निरोप सांगितला, त्यात आडनाव आलं. श्रीमंत तात्याबा कोळेकर. मला ते नाव माहीत आहे. अकरावं नाव. त्या मे महिन्यात मी ज्या कचेरीत कारकून होतो तिथं साहेबांनी मला पेन्सिलीनं खरडलेली एक यादी दिली आणि तीन स्वच्छ प्रती मागितल्या. सतरा नावं होती. संध्याकाळपर्यंत तिन्ही प्रती तयार केल्या. साहेब म्हणाले, व्हेरी नीट. घरी येऊन मी ते अनसूयेला सांगितलं होतं.

मी फक्त नक्कल केली. कारकून दुसरं काय करतो? सर सांगत होते तेव्हा मी हे त्याच वेळी बोलू शकलो असतो. मी पंप मारत राहिलो.

३० डिसेंबर, रविवार

परत आलो. बासष्ट मैल, कोणी पडलं नाही. दौरा यशस्वी झाला असं सगळे म्हणतात.

३ जानेवारी १९३५

अहवाल लिहायला बसलो. "श्री. गंगाधरपंत यांची सायकल काट्याने नादुरुस्त झाल्याने" इथवर लिहून थांबलो. चार दिवस तेवढंच लिहून झालं आहे. अनसूयेनं विचारलं, काय झालं म्हणून. काही नाही म्हटलं. ती म्हणाली, "विजापूरला जाऊन आल्यापासून तुम्ही माझ्याकडं बघून बोलत नाही." बायकांना काहीतरीच दिसत असतं.

७ जानेवारी, सोमवार

सर काल आले, मोटारीनं. भवानी पेठेत त्यांच्या घरी गेलो. काळवंडले आहेत आणि घसा पार बसला आहे. बोलले ते निम्मं खुणांनीच.

पहिले चार दिवस श्रीमंत कामापुरतं बोलला. जेवा, पाणी घ्या, इतकंच. सर बाजेवर बसून असत. पाचव्या दिवशी गुडघा उतरला. त्या दिवशी मंगळवेढ्याचा बाजार होता. श्रीमंतनं सकाळी गोफण आणून सरांच्या हातात दिली आणि म्हणाला, "माळ्यावर बसा. मी सांजच्याला येतो. पाखरं बसू द्यायची न्हाईत." आणि आईला घेऊन बाजारला निघून गेला. सगळं पीक सरांच्या हवाली. गोफण काही जमेना, दगड मागं पडायचा. म्हणून सर दिवसभर नुसते ओरडले.

"तेहतीस वर्षं वर्गात ओरडलो," सर घोगऱ्या आवाजात म्हणाले, "पण असा घसा कधी बसला नाही."

पुस्तकांचं काय झालं, मी विचारलं. ती त्यानं परतही केली नाहीत आणि उघडलीही नाहीत. दगडाबाईंनी कणगीवर ठेवून दिली आहेत. मग म्हणाले, "तुम्हाला हुरड्याला बोलावलंय त्यानं. सायकलवाले मास्तर, म्हणाला."

तेव्हा मी सरांना सांगितलं. यादी, सतरा नावं, तीन प्रती, सगळं. मला वाटलं, म्हणतील की तुमचा काय दोष, तुम्ही हुकमाचे ताबेदार. मी त्याचीच वाट बघत होतो, हे आता लिहिताना कळतं. पण ते म्हणाले, "मग रविवारी जा. मी बरोबर येणार नाही. बरोबर माणूस असलं की बोलायचं राहून जातं."

१० जानेवारी

कचेरीत कळलं तर? राजद्रोहाची शिक्षा भोगलेल्या माणसाकडं सरकारी नोकर हुरड्याला गेला म्हणून? विचारलं तर सायकलचा सराव म्हणून सांगेन. पण मग सरांमध्ये आणि माझ्यात फरक काय राहिला? त्यांनी तर निदान काटा आपल्या हातानं काढून दाखवला.

अनसूयेला सगळं सांगितलं. तिला साहेबांचं ते व्हेरी नीट आठवत होतं. तिनं विचारलं, "त्या पोरांचं पुढं काय झालं, हे तुम्ही कधी विचारलंत?" विचारलं नव्हतं.

१३ जानेवारी, रविवार

मोठ्या पहाटे निघालो, एकटा. मागं लॉरी नाही, पुढं शिट्टी नाही. बेगमपूरला सायकल खांद्यावर घेऊन नदीत उतरलो तेव्हा मनात आलं, की इथूनच फिरलो तर कोणाला कळणार आहे. सर एकटे का येऊ शकले नाहीत ते तिथं पाण्यात उभं राहून समजलं. पाय गारठले होते, पलीकडचा काठ जवळ होता, म्हणून पलीकडं गेलो. यात माझा पराक्रम काही नाही.

वस्तीवर पोचलो तेव्हा श्रीमंत आगटीत कणसं भाजत होता. "या मास्तर," म्हणाला, "बसा." बसलो असतो तर बोलणं झालं नसतं, म्हणून उभ्यानंच सांगितलं. मे महिना, कचेरी, पेन्सिलीची यादी, अकरावं नाव. "मी नुसती नक्कल केली," हे वाक्य मी वाटेत तीस मैल घोकत आलो होतो. ते म्हणालोच नाही. साहेबांनी अक्षराची तारीफ केली आणि मला बरं वाटलं, हे सांगितलं.

दगडाबाई दारात उभ्या होत्या. श्रीमंत कणीस उलटंपालटं करत होता. दाणे चटचट वाजत होते.

मग त्यानं विचारलं, "किती नावं हुती म्हनला?"

"सतरा."

"बाकीची सोळा ध्यानात हायत?"

मी आठवून बोलायला लागलो. बार्शीचा एक, माझ्याच गल्लीतला. त्याचं नाव लिहिताना मी दचकलो होतो आणि तरी लिहिलं होतं. अक्कलकोटचे दोघं भाऊ. सोलापुरातले सहा. नऊपर्यंत आठवली. पुढं आठवेना.

"नऊ लई झाली," श्रीमंत म्हणाला. "अक्कलकोटच्या भावातला थोरला मला ठावा हाय. माज्याच बराकीत हुता. पाय अधू झालाय त्येचा." त्यानं भाजलेलं कणीस दोन्ही तळव्यांत घेऊन चोळलं, फुंकर मारून कोंडा उडवला, आणि हिरवेगार दाणे माझ्या ओंजळीत ओतले. हात भाजले, पण मी ओंजळ सोडली नाही.

"मग मास्तर," तो म्हणाला, "बार्शी, अक्कलकोट, तुमाला अजून लई सायकल हानायची हाय की. खावा आदी. गार झाल्यावर गोडी ऱ्हात न्हाय."